गोड शेवटाची हमी: दोन नायकांच्या प्रेमकादंबऱ्या वाचायला लागताना

दोन पुरुषांच्या प्रेमाच्या गोड कादंबऱ्यांकडे माणसं सहसा आडवाटेनं येतात. कुणी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये थायलंडच्या मालिका बघता बघता वळलेलं असतं, कुणाला मुलीच्या दप्तरात ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकादंबरीचा एखादा भाग सापडलेला असतो, कुणाला मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर नुसतं मुखपृष्ठ पाठवून ‘हे वाचच’ म्हटलेलं असतं. मग ॲप उघडावं तर समोर पुस्तकांचा डोंगर, त्यातल्या निम्म्यांवर उघड्या छातीचे पुरुष, आणि वर्णनात एकही धड न कळणारी आद्याक्षरं. अशा वेळी नेमकं काय करायचं ते खाली सांगते. तुम्हाला इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं असं धरून चालले आहे, कारण आपल्या हाताशी येणारं यातलं बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. मराठीचं पुढे येईलच.

आधी शेवटाशी जुळवून घ्या

या कादंबऱ्यांचा पहिला नियम: शेवटी दोघं एकत्र असतात. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं रोमान्स कशाला म्हणायचं याच्या दोनच अटी ठेवल्या. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. पुस्तकाच्या वर्णनात ‘एचईए’ (HEA, हॅपिली एव्हर आफ्टर) दिसलं तर दोघं कायमचे एकत्र. ‘एचएफएन’ (HFN, हॅपी फॉर नाऊ) दिसलं तर निदान आत्तापुरतं सगळं छान, पुढचं पुढे. यातलं काहीच नसेल आणि मुखपृष्ठावर पावसात पाठमोरा उभा असलेला एकटा माणूस असेल, तर जरा जपून.

आपल्याला हे पचायला वेळ लागतो. ना. सी. फडक्यांपासून शैलजा राजे, कुसुम अभ्यंकरांपर्यंत वाचनालयातल्या खाकी कव्हरच्या कादंबऱ्या आपण चवीनं वाचल्या, तरी थोर साहित्य म्हणजे जीव पिळवटून काढणारं ही समजूत काही जात नाही. प्रेम सफल झालं की ते थोडं हलकंच. त्यात प्रेम दोन पुरुषांचं असेल तर शोकांत जवळपास ठरलेला. एक मरतो, एक घरच्यांच्या दबावाखाली लग्न करतो, नाहीतर एक शहर सोडून जातो.

इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक या बाबतीत आठवतो. मराठी माणसांना तो तसा परका नव्हता, कारण १९२१ मध्ये त्यानं देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांकडे खासगी सचिवाची नोकरी केली होती. त्याआधी, १९१३-१४ मध्ये, त्यानं ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहून ठेवली होती. त्यात दोन पुरुषांचं प्रेम आहे आणि शेवटी ते दोघं एकत्र राहतात. शेवट सुखाचाच हवा यावर तो अडून बसला होता. त्यापायीच पुस्तक छापणं अवघड होऊन बसलं, कुणी फासावर लटकलं असतं तर सगळं खपून गेलं असतं, अशा अर्थाचं त्यानंच नंतर लिहिलं आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा मानणारा इंग्लंडमधला कायदा १९६७ मध्ये बदलला, फॉर्स्टर १९७० मध्ये वारला आणि ‘मॉरिस’ १९७१ मध्ये छापली गेली. एका गोड शेवटाला अर्धशतकाहून जास्त काळ बासनात पडून राहावं लागलं! त्यामुळे हे दोघं शेवटच्या पानावर एकाच टेबलाशी चहा पीत बसलेले दिसले, तर त्याला बाळबोध म्हणायची घाई करू नका.

शेवट आधीच कळला तर मग वाचायचं काय, असं नवे वाचक हमखास विचारतात. वाचायची ती वाट. एकजण दुसऱ्याला ‘जेवलास का?’ एवढं विचारायला दीडशे पानं घाबरत असतो, आणि त्या एका वाक्याच्या नादात आपलं मुलुंड स्टेशन मागे पडतं.

गोड म्हणजे किती, ते तपासा

इंग्रजी रोमान्सच्या बाजारात ‘स्वीट’ लिहिलेलं असलं की शयनगृहाचं दार वाचकाच्या तोंडावर लागतं, असा साधारण संकेत. दोन पुरुषांच्या कादंबऱ्यांत मात्र या लेबलाचा भरवसा नाही. वाचक ‘कित्ती स्वीट!’ म्हणतात ते पात्रांच्या स्वभावाला, आणि त्याच पुस्तकात तीन प्रकरणं सविस्तर शृंगाराची असू शकतात. तुम्हाला दोन्ही चालत असेल तर प्रश्न मिटला. नको असेल, किंवा पुस्तक सोळा वर्षांच्या भाचीला द्यायचं असेल, तर परीक्षणांत ‘क्लोज्ड डोअर’ किंवा ‘फेड टू ब्लॅक’ हे शब्द शोधा. मुखपृष्ठावर जाऊ नका. कार्टूनसारखं रंगीत चित्र असलं की पुस्तक सोवळं, हा समज भल्याभल्यांना तोंडघशी पाडतो.

‘डार्क’, ‘माफिया’, ‘ओमेगाव्हर्स’ (लांडग्यांच्या कळपासारखी अल्फा-ओमेगा अशी उतरंड असलेलं काल्पनिक जग) हे शब्द दिसले तर पहिल्या फेरीत तिकडे फिरकू नका. त्यांचेही निष्ठावंत वाचक आहेत, पण तुम्ही मागवलाय शिरा आणि समोर येईल ठेचा.

परीक्षणं वाचायची ती दोन-तीन ताऱ्यांची. पाच तारे देणाऱ्यांनी नुसतं रडून घेतलेलं असतं, त्यातून काही हाती लागत नाही. ‘काहीच घडत नाही’, ‘अति गोड’, ‘दोघं नुसते स्वयंपाकघरात बोलत बसतात’ अशी तक्रार दिसली की पुस्तक बेलाशक घ्या. ‘एकदा नीट बोलले असते तर तीस पानांत आटोपलं असतं’ अशी तक्रार असेल तर सोडून द्या, ती बहुधा खरी असते.

पहिलं पुस्तक निवडा

या कादंबऱ्या साच्यांवर चालतात आणि ते लपवतही नाहीत. आधी मित्र मग प्रेमी, आधी वैरी मग प्रेमी, खोटं नातं जे हळूहळू खरं होतं, हॉटेलच्या खोलीत दोघांना मिळून एकच पलंग, एक घुम्या आणि एक बडबड्या, एकटा बाप आणि त्याच्या मुलीचा शिक्षक. मराठी नाटक-सिनेमे बघितलेल्यांना यात नवं काय? भाड्याची खोली मिळवण्यासाठी केलेली सोंगं आपल्याला तोंडपाठ आहेत. जो साचा तुम्हाला विनोदी नाटकात आवडतो, तोच इथे उचला. साच्याच्या जोडीला ‘स्लो बर्न’ लिहिलेलं असेल तर पहिला स्पर्श निम्म्या पुस्तकानंतर, हे गृहीत धरा. माझ्यासारख्यांना तेच हवं असतं.

नावं घेऊनच सांगायचं तर सुरुवातीला तीन पुरेत. ॲलिस ओसमन यांचं ‘हार्टस्टॉपर’ २०१६ मध्ये वेबकॉमिक म्हणून सुरू झालं. इंग्लंडमधल्या शाळेतली चार्ली आणि निक ही दोन मुलं, चित्रं भरपूर, शब्द मोजके. पहिला भाग दादर ते कर्जत एवढ्यात होतो. पुढच्या भागांत चार्लीचं मानसिक आजारपण येतं आणि ते नीट हाताळलेलं आहे. शाळकरी प्रेमात रस नसेल तर टी. जे. क्लून यांचं ‘द हाउस इन द सेरुलियन सी’ घ्या, २०२०चं. चाळिशीचा, एकटा, मांजर पाळणारा, नियमावली कोळून प्यालेला एक सरकारी कर्मचारी जादुई मुलांच्या अनाथाश्रमाची तपासणी करायला एका बेटावर जातो आणि आश्रम चालवणाऱ्यातच गुंततो. मंत्रालयात किंवा महापालिकेत हयात गेलेल्यांना यातलं ऑफिस फारच ओळखीचं वाटेल. शृंगार जवळजवळ नाही. तिसरं ॲलेक्सिस हॉल यांचं ‘बॉयफ्रेंड मटेरियल’, तेही २०२०चंच. लंडनमधला एक गबाळा आणि एक कडक इस्त्रीतला बॅरिस्टर, आपापल्या अडचणीसाठी ठरवून जोडलेलं खोटं नातं. हसून हसून पुरेवाट होते, आणि शयनगृहाचं दार बंद राहतं.

दुसरं काही निवडणार असाल तर ‘स्टँडअलोन’, म्हणजे एकाच पुस्तकात पूर्ण होणारं, असं लिहिलंय ना ते बघा. बऱ्याच मालिकांत दर पुस्तकात नवी जोडी असते, ते ठीक. काहींत मात्र एकच जोडी चार पुस्तकं रखडते आणि पहिलं पुस्तक अधांतरी संपतं. किंडलवर सुरुवातीची पानं नमुन्यादाखल फुकट मिळतात. त्यात दोघं पहिल्यांदा समोरासमोर येऊन बोलतात तेवढा संवाद वाचा. तिथे गालात हसू आलं नाही तर पुढेही येणार नाही.

आणि एक घरगुती खबरदारी. घरात सगळ्यांचं मिळून एकच ॲमेझॉन खातं असेल तर तुम्ही घेतलेलं पुस्तक बाकीच्यांच्या किंडलच्या यादीतही दिसू शकतं. ज्यांना घरी इतक्यात काही बोलायचं नाहीये, त्यांनी आधी स्वतःचं वेगळं खातं उघडावं.

वाचताना कशावर नजर ठेवायची

मुंबईच्या वाचकाला या कादंबऱ्यांतली सर्वांत अद्भुत वस्तू वाटते ती म्हणजे आतून कडी लागणारं दार. तिकडचे नायक कर्जबाजारी असोत, बेकार असोत, प्रत्येकाकडे स्वतःची खोली असते. इथे वन-आरकेमध्ये आई-बाबा, धाकटा भाऊ आणि पोटमाळ्यावर काका. ज्यांना भाडं परवडतं त्यांना सोसायटी ‘बॅचलर चालणार नाहीत’ म्हणून वाटेला लावते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तरुण-तरुणी समुद्राकडे तोंड करून, छत्री आडवी धरून बसतात. त्यांच्या मागून दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गेले तर कुणी मान वळवूनही बघत नाही. दोस्तच असणार, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. यात सोय आहे आणि छळही.

म्हणून किल्लीचा प्रसंग आला की सावकाश वाचा. पुष्कळ पुस्तकांत तो कुठे ना कुठे असतोच. एकजण दुसऱ्यासमोर घराची जादा किल्ली ठेवतो, तीही काहीतरी फुटकळ निमित्त काढून: मला यायला उशीर झाला तर कुंड्यांना पाणी घालशील? दुसरा ती लगेच उचलत नाही. किल्ली दोन कपांच्या मध्ये टेबलावर पडून राहते, आणि दोघं तिच्याकडे न बघता पावसाबद्दल बोलतात. कसलेला लेखक हे पानभर ताणतो आणि त्या पानात ‘प्रेम’ हा शब्द येऊ देत नाही. कच्चा लेखक इथेच दोघांना भाषणं करायला लावतो. लेखकाची पारख करायची तर ती इथे होते.

दुसरा हुकमी प्रसंग आजारपणाचा. कधी कुणाची मदत न घेणारा नायक तापानं फणफणलेला असतो, दार उघडून ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि उंबऱ्यातच खाली बसतो. दुसरा सूप घेऊन आलेला असतो. या प्रकाराला वाचक ‘हर्ट-कम्फर्ट’ म्हणतात आणि मुद्दाम शोधून वाचतात. हे वाचताना सहज ध्यानात येतं, की एका पुरुषानं दुसऱ्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवली, असं आपल्या वाचनात फारसं कधी आलेलंच नाही. पट्टी ठेवायची आईनं. आई नसेल तर शेजारच्या काकूंनी.

मग बायका हे एवढं का वाचतात? वाचतात आणि लिहितातही. जपानमध्ये १९७०च्या दशकात मुलींच्या मासिकांतून अशा चित्रकथा रुजवल्या त्या स्त्री-चित्रकारांनीच. माझं मत विचाराल तर या घरांत सासर नसतं, हे मोठं कारण. कोण कुणाच्या घरी राहायला जाणार, बदली झाली तर नोकरी कुणी सोडायची, डबा कुणी भरायचा, यातलं काहीच आधी ठरलेलं नाही. एकेक गोष्ट दोघांना बोलून, भांडून, लाडीगोडी लावून ठरवावी लागते आणि कादंबरी त्या बोलण्यातच घडते. शिवाय नायिकाच नसल्यामुळे आपण तिच्याएवढ्या बारीक आहोत का, सोशीक आहोत का, ही मनातली मोजणी बंद होते. विरार लोकलच्या लेडीज डब्यात एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातातल्या फोनवर, आज भांडी कोण घासणार यावरून दोन उंच पुरुषांची चाललेली रदबदली वाचणं हा फार मोठा विसावा आहे.

काही लेखक मात्र हे मधेच विसरतात. दोघांतला एक बुटका, लाजरा, स्वयंपाक त्यानंच करायचा, रडायचंही त्यानंच, आणि दुसऱ्यानं फक्त मालकी गाजवायची. नाजूक स्वभावाचे पुरुष असतातच आणि त्यांच्यावरही सुरेख पुस्तकं आहेत. खटकते ती जुन्या संसाराची आयती वाटणी. असं पुस्तक पन्नासाव्या पानावर मिटलंत तरी काही बिघडत नाही.

फुकट वाचायचं असेल तर

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ ही वेबसाइट २००९ पासून आहे. ती देणग्यांवर चालते, जाहिराती नाहीत, आणि २०१९ मध्ये तिला विज्ञानकथा-फँटसीच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तिथे चाहते आपल्या आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर कथा लिहितात. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानमालिकेतल्या कर्क आणि स्पॉक यांना चाहत्यांनी १९७०च्या दशकात हौशी पत्रिकांतून प्रेमात पाडलं, तिथपासूनची ही परंपरा. आधी ओळखीची मालिका निवडा. मग चाळणीत पुरुष-पुरुष जोड्यांचा ‘एम-एम’ वर्ग, ‘जनरल’ किंवा ‘टीन’ ही श्रेणी आणि ‘फ्लफ’ हा टॅग लावा. ‘फ्लफ’ म्हणजे निव्वळ लाडाकोडाचं, कथानक नावापुरतं. ‘फक्त पूर्ण झालेल्या’वर खूण करायला विसरू नका, नाहीतर लेखिकेची परीक्षा लागते आणि तुमचे नायक चार वर्षं त्याच बसस्टॉपवर उभे राहतात.

छापील प्रत हवी असेल तर फोर्टातल्या किताबखान्यासारख्या दुकानात विचारा. रोमान्सच्या कपाटात नसेल तर किशोरांच्या किंवा फँटसीच्या कपाटात असतं.

चार-पाच झाल्यावर

आता लिहितंय कोण, याकडे बघायला लागा. बरंचसं लेखन स्त्रियांचं आहे, आणि गे वाचकांची जुनी तक्रार आहे की यातले पुरुष कुणाच्या तरी इच्छेबरहुकूम शिवून घेतलेले वाटतात. आई लग्नासाठी मागे लागत नाही, घरमालक चौकशा करत नाही, आणि भीती एका प्रकरणापुरती येऊन जाते. तक्रारीत तथ्य आहे. त्याच वाचकांतले काही म्हणतात, दिवसभर भीती पुरते, रात्री पुस्तकात तरी नको. तेही खरंच. मधूनमधून स्वतः क्विअर (समलिंगी वगैरे) असलेल्या लेखकांचं वाचत राहावं, वर सांगितलेले क्लून त्यांच्यापैकीच. आणि २०१० पासून मुंबईत भरणाऱ्या ‘कशिश’ या क्विअर चित्रपट महोत्सवात जाऊन यावं. तिथे इथले पत्ते, इथल्या आया आणि इथली भाषा भेटते.

तिकडच्या कादंबऱ्या सर्रास लग्नात संपतात. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या कचाट्यातून सोडवले. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात मिळाला नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. उद्या कुणी मुंबईची गोड कादंबरी लिहायला घेतली तर तिचा शेवट बँकेच्या काउंटरवर, एका फॉर्मवर दोन फोटो चिकटवताना करता येईल. मला तो मंडपापेक्षा जास्त आवडेल. लिहा कुणीतरी!

कारण मराठीत ती जागा बरीचशी मोकळी आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ची. जेरी पिंटो यांनी तिचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २०१३ मध्ये आलं, आणि २०२२ मध्ये चित्रपटही आला. एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण, आणि दोघांची दोन निवेदनं. जरूर वाचा, पण गोड समजून हातात घेऊ नका. तो निघून जातो, आणि पुस्तक त्याच्या जाण्याभोवतीच फिरत राहतं. पुण्यात समलिंगी पुरुषांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांचं ‘पार्टनर’ही वाचण्यासारखं आहे, मात्र त्याचा हेतू रंजनाचा नाही. निवांत, हलकंफुलकं मराठी हवं असेल तर प्रतिलिपीसारख्या ॲपवर शोधावं लागतं. तिथे शुद्धलेखनाकडे कानाडोळा करावा लागेल, पण संवाद कधीकधी असे अस्सल डोंबिवलीचे मिळतात की बाकी सगळं माफ.

चारचौघांत बोलताना

पुस्तकांबद्दल हवं तेवढं बोला. ऑफिसातल्या कुणाबद्दल अंदाज बांधून त्याला ‘मी तुमच्यावरच्या कादंबऱ्या वाचते हं’ असं मात्र सांगायला जाऊ नका. कुणी आपणहून पुस्तक मागितलं तर द्या, कशाला हवंय ते विचारू नका. आणि दोघांत बायको कोण, हा प्रश्न पाच पुस्तकं वाचूनही पडत असेल, तर पहिल्यापासून परत वाचायला घ्या.

सलग वाचून तोंडाला मिठी बसली की ठिकाण बदला. दोन पुरुष मिळून खुनाचा छडा लावतात अशा मालिका आहेत, तिथे प्रेम मागच्या दारानं येतं. ऐतिहासिक कादंबऱ्यांत कायद्याची टांगती तलवार खरी असल्यामुळे गोडवा आपोआप आटोक्यात राहतो. फक्त त्या जाडजूड असतात. उभ्यानं प्रवास असेल तर फोनवरच घ्या.